मास्तरांचे मास्तर

गेल्या शनिवारी कॉलेजातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. आम्ही आयटीत आलो, हा एकटाच मास्तर झाला. विदर्भातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. बोलता बोलता विषय लॉकडाऊनवर गेला. म्हणाला, "मार्च २०२० मध्ये आमच्याकडे अर्धे लोक माइक कसा म्यूट करायचा ते शोधत होते. पण तीन जणांनी दोन दिवसांत वर्ग सुरू करून टाकला. तिघंही पवईचे!"

पवईचे म्हणजे आयआयटीतून पास झालेले नव्हेत हं. आयआयटी मुंबईच्या वर्कशॉपला बसलेले, आणि तेही पवईला न जाता! हे काय प्रकरण आहे म्हणून रविवार वाचण्यात घालवला. त्यातलं थोडं इथे लिहून ठेवतो.

मुळात आपल्याकडे एक गंमत आहे. शाळेत चौथीला शिकवायचं तरी डी.एड. लागतं. कॉलेजात मात्र विषय येतो म्हणजे शिकवताही येतं, असं गृहीतच धरलेलं! १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर यूजीसीने विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. तिथे काही आठवडे जाऊन राहायचं, ओरिएंटेशन नाहीतर रिफ्रेशर कोर्स करायचा. बढतीला तो लागायचा, त्यामुळे लोक जायचे. शिकायला किती आणि बढतीला किती, हे ज्याचं त्याला माहीत.

दुसरीकडे अंतराळवाले वेगळंच करत होते. १९७५-७६ मध्ये नासाकडून वर्षभरासाठी उसना घेतलेला उपग्रह वापरून 'साइट' प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोचला, आणि त्याच टीव्हीवरून हजारो प्राथमिक शिक्षकांना सुट्टीत विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. १९८४ मध्ये दूरदर्शनवर यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' आला. पण टीव्ही बोलतो, ऐकत नाही. शंका आली तर विचारणार कोणाला? २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उडाला, तेव्हा उलटं बोलण्याची सोय झाली.

आता खरी गोष्ट. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सला प्रा. दीपक फाटक होते (२०१३ ला पद्मश्री मिळालेले, तेच). त्यांच्यापुढचं गणित सोपं आणि भयंकर होतं. एका वर्कशॉपला तीस-चाळीस मास्तर पवईला बोलावले, तर देशातल्या सगळ्यांपर्यंत पोचायला जन्म पुरायचा नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम स्केल होत नव्हती.

त्यावर त्यांच्या गटाने काढलेला उपाय मला फार आवडला. देशभरातली कॉलेजं 'रिमोट सेंटर' म्हणून निवडली. आधी प्रत्येक सेंटरच्या समन्वयकाला पवईला बोलावून तयार केलं. मग मुख्य वर्कशॉपच्या वेळी पवईतून व्याख्यान थेट सगळीकडे जायचं आणि प्रयोग, ट्युटोरियल मात्र त्या त्या गावच्या लॅबमध्ये समन्वयक घ्यायचा. प्रश्न विचारायला दोन्ही बाजूंनी चित्र-आवाज होता. त्यासाठी अमृता विद्यापीठात बनलेलं ए-व्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर वापरायचे. म्हणजे काय, तर बँडविड्थ फक्त व्याख्यानाला खर्च करायची, हात धरून शिकवण्याचं काम लोकल नोडवर! २००९ नंतर केंद्राच्या आयसीटी मिशनचा पैसा मिळाला आणि एका वेळी हजार, मग दहा हजार मास्तर, असं लक्ष्य ठेवलं गेलं. साहित्य सगळं खुलं, कुणीही वापरावं.

पण यात एक मेख होती. ही बरीच वर्कशॉपं विषयाची होती, म्हणजे प्रोग्रॅमिंग, थर्मोडायनॅमिक्स वगैरे. मास्तर विषय पक्का करून परत जायचा आणि पुन्हा तासभर फळ्याकडे तोंड करून बोलायचा. ज्या पद्धतीने शिकलो तीच पद्धत पुढे चालते, नाही का?

ही मेख आयआयटीतल्याच सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांच्या एज्युकेशनल टेक्नॉलॉजीच्या गटाने धरली. २०१६-१७ च्या सुमारास त्यांचे एफडीपी १०१, २०१ असे ऑनलाइन कोर्स आले. त्यांची युक्ती अशी: मास्तरला आधी विद्यार्थ्याच्या बाकावर बसवायचं. व्हिडिओ छोटा, आणि मध्येच शिक्षक थांबतो, म्हणतो, "आता व्हिडिओ थांबवा आणि उत्तर कागदावर लिहा." मग पुढे त्याच उत्तरांवर बोलतो. याला ते 'लर्निंग डायलॉग' म्हणतात. व्हिडिओचा तो संवाद कसा होतो हे स्वतः अनुभवल्यावर मास्तरने आपल्या विषयाचा तसाच व्हिडिओ बनवायचा. लेक्चर रेकॉर्ड करून चढवणं म्हणजे ऑनलाइन शिकवणं नव्हे, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ झालं.

२०१८ मध्ये सरकारने 'स्वयम'वर अर्पित नावाची योजना आणली. ४० तासांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी परीक्षा, आणि पास झालात तर तो रिफ्रेशर कोर्स म्हणून धरणार. घर न सोडता होतं, हे चांगलंच. पण पुन्हा बढती आलीच! २०२० च्या उन्हाळ्यात तर वेबिनार आणि ई-सर्टिफिकेटांचा पाऊसच पडला. मित्राच्या फोल्डरमध्ये म्हणे अशी सेहेचाळीस आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या वेळी तो स्वयंपाकघरात होता.

असो. मी त्याला विचारलं, "तू केलास का रे तो पवईचा कोर्स?"

"नंतर केला, २०२१ ला. व्हिडिओही बनवले. 'इथे थांबा, लिहा' असं छान म्हटलंय त्यात."

"मग? पोरं थांबतात?"

"छे! दीडपट वेगाने बघतात. आता मी वर्गात येऊन तोच प्रश्न फळ्यावर लिहितो आणि दोन मिनिटं गप्प बसतो. ते गप्प बसणंच शिकायला मला दहा वर्षं लागली."