बीलमान गिरकी

बीलमान गिरकी : बर्फावरील आकृती-स्केटिंग या क्रीडाप्रकारातील एक अवघड गिरकी. तीत खेळाडू एका पायावर उभा राहून वेगाने फिरत असताना दुसरा पाय पाठीमागून वर उचलतो आणि त्या पायाच्या बुटाचे पाते दोन्ही हातांनी धरून डोक्याच्याही वर ओढून घेतो. स्वित्झर्लंडची जागतिक विजेती डेनीस बीलमान (११ डिसेंबर १९६२– ) हिच्या नावावरून ही गिरकी ओळखली जाते. तथापि ती तिची आद्य कर्ती नव्हे. एका खेळाडूची खूण म्हणून गाजलेला हा आविष्कार पुढे गुणपत्रिकेतील नित्याची बाब बनला. त्यामुळे त्याच्या इतिहासात या खेळाच्या नियमांचा इतिहासही प्रतिबिंबित झाला आहे.

गिरकीचे तंत्र पात्याच्या रचनेवर अवलंबून असते. सु. ४ मिमी. रुंदीच्या या पात्याचा तळ मध्यभागी किंचित खोलगट असून त्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. डावीकडे फिरणारा खेळाडू सामान्यतः डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पुढे घसरत येतो, तीनच्या अंकासारखे वळण घेतो व त्याच पायाच्या आतल्या कडेवर मागे वळून पात्याच्या पुढील भागावर फिरू लागतो. हातपाय शरीराच्या अक्षाजवळ घेतल्यास वेग वाढतो व दूर पसरल्यास तो मंदावतो. हा कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा परिणाम होय. बीलमान गिरकीत उचललेला पाय व हात डोक्यावर, म्हणजे अक्षाच्या निकट येत असल्याने शरीराची आकृती अरुंद होते आणि वेग टिकतो किंवा वाढतोही. मात्र त्यासाठी कंबर, नितंबसंधी व खांदे विलक्षण लवचिक असावे लागतात.

स्केटिंगला नृत्याची व संगीताची जोड देण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकन नर्तक जॅक्सन हेन्झ याला दिले जाते. १८६० नंतरच्या दशकात तो यूरोपात गेला व व्हिएन्नात त्याचे प्रयोग लोकप्रिय झाले. बसक्या गिरकीचा जनकही तोच मानला जातो. पुढे १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाची स्थापना झाली व १८९६ पासून जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत बर्फावर ठराविक वर्तुळे व वळणे अचूक रेखाटण्याच्या सक्तीच्या आकृत्यांना मोठे महत्त्व होते आणि गिरक्या व उड्या यांचे स्थान त्यामानाने गौण होते.

बीलमान गिरकीचे मूळ ‘लेबॅक’ या गिरकीत आहे. तीत पाठीची कमान करून डोके मागे सोडतात व मोकळा पाय गुडघ्यात वाकवून मागे धरतात. ही गिरकी तसेच एक पाय जमिनीला समांतर ठेवून घ्यावयाची ‘कॅमल’ गिरकी यांच्या प्रवर्तनाचे श्रेय ब्रिटनच्या सेसिलिया कॉलेज (१९२०–२००८) हिला दिले जाते. १९३७ मध्ये ती जागतिक विजेती ठरली. लेबॅक स्त्रियांच्या स्केटिंगचे जणू लक्षणच मानली गेली व अनेक वर्षे त्यांच्या आखीव कार्यक्रमात ती सक्तीची होती. पाय पाठीमागून धरून वर नेण्याचा प्रकार सोव्हिएत संघाच्या तमारा मोस्क्विना हिने १९६० नंतरच्या दशकात करून दाखविला होता. परंतु तेव्हा त्याला स्वतंत्र नाव मिळाले नाही.

ते नाव मिळण्यास बीलमानचे प्रभुत्व जसे कारणीभूत झाले, तसाच तिचा काळही. सक्तीच्या आकृत्यांचा गुणांतील वाटा १९६८ मध्ये ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणण्यात आला होता आणि १९७३ मध्ये अल्प कार्यक्रमाची भर पडल्यावर तो आणखी घटला. तरीही त्यांचे वर्चस्व पूर्णपणे ओसरले नव्हते. १९७८ च्या यूरोपीय स्पर्धेत स्त्रियांमध्ये प्रथमच तिहेरी लुट्झ उडी मारणाऱ्या बीलमानला १९८० च्या लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये मुक्त स्केटिंगमध्ये पहिला क्रमांक मिळाला. परंतु आकृत्यांमध्ये ती बारावी असल्याने अखेरीस चौथ्या स्थानावर राहिली व पदकास मुकली. दुसऱ्याच वर्षी, १९८१ मध्ये, तिने यूरोपीय व जागतिक अशी दोन्ही विजेतेपदे मिळविली आणि त्यानंतर व्यावसायिक प्रयोगांकडे ती वळली. पदक हुकलेल्या खेळाडूची गिरकी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. ज्या आकृत्यांनी ते पदक हिरावले, त्या मात्र १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आल्या.

या गिरकीचे अनेक उपप्रकार रूढ आहेत. पाते डोक्याच्या मागे, केसांजवळ आणून थांबविल्यास तिला ‘हेअरकटर’ म्हणतात. तिच्यातूनच पुष्कळदा पूर्ण बीलमान स्थितीत जातात. पाते एकाच हाताने धरणे, पाय जवळजवळ सरळ करून उभी रेषा साधणे, हे आणखी काही प्रकार होत. रशियाच्या इरीना स्लुत्स्काया हिने पाय बदलून दोन्ही पायांवर ही गिरकी घेऊन तिला नवे परिमाण दिले. पुरुषांमध्ये हा प्रकार विरळा असला, तरी रशियाचा येवगेनी प्ल्युश्चेन्को व जपानचा युझुरू हान्यू या ऑलिंपिक विजेत्यांनी तो स्पर्धांतून सादर केला आहे.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील जोडी स्पर्धेच्या निकालावरून वादंग माजल्यानंतर सहा गुणांची जुनी पद्धत मागे पडली व २००४ पासून नवी गुणपद्धती अंमलात आली. तीत प्रत्येक गिरकीची काठिण्यपातळी ठरविली जाते. अवघड स्थितीमुळे पातळी वाढत असल्याने बीलमान गिरकी घेणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने वाढली. ज्यांच्या शरीराला ती साजत नव्हती, त्यांनीही तिचा अवलंब केला. पुनरावृत्ती रोखण्यासाठी एका कार्यक्रमात तिचा लाभ किती वेळा मिळावा यावर संघाला मर्यादा घालाव्या लागल्या.

याची किंमत शरीराला मोजावी लागते. कणा पुनःपुन्हा मागे वाकविल्याने कमरेच्या मणक्यांवर ताण येतो व वाढत्या वयात तेथील हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका असतो. वयाबरोबर लवचिकता घटते आणि अनेक खेळाडूंना ही गिरकी सोडून द्यावी लागते. खेळाडूंच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा विचार करून संघाने २०२२ मध्ये प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर्षांवर नेण्याचा निर्णय घेतला. बीलमान स्वतः मात्र स्पर्धात्मक कारकीर्द संपल्यानंतर कित्येक दशके प्रयोगांतून ही गिरकी घेत राहिली. तिच्याआधी ही स्थिती साधणारे होते व तिच्यानंतर तर अगणित झाले. तरी नाव तिचेच टिकले, ते या प्रभुत्वामुळे.