दिनविशेष : ५ जून – पेटीचे गोविंदराव टेंबे

युरोपातून आलेल्या ज्या वाद्याकडून गायकामागे सूर धरण्यापलीकडे कोणी फारशी अपेक्षा करीत नसे, त्या पेटीस मैफलीत स्वतंत्र आसन मिळवून देणाऱ्या वादकांतील अग्रगण्य गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म १८८१ साली आजच्या दिवशी झाला. भास्करबुवा बखल्यांच्या गायकीचे मर्म बोटांत उतरविणाऱ्या या रसिक कलावंताने १९११ साली 'मानापमान' नाटकास चाली दिल्या आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटाच्या संगीतासह हरिश्चंद्राची भूमिकाही समर्थपणे पेलली. १९५५ साली ते निवर्तले.

पेटीवर श्रुतिभंगाचा दोषारोप ठेवून नभोवाणीने १९४० साली तिला मनाई केली, आणि तो हुकूम सुमारे तीन दशके अंमलात राहिला. हा अन्यायच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण लोकांनी तो कधी मानलाच नाही. नांदेडच्या हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्यातील शबदकीर्तन, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा-यात्रेतील लावणीचे फड, लातूर जिल्ह्यातील गावोगावची भजनी मंडळे, या सर्वांना पेटी आजही अपरिहार्य आहे.