तुरुंगातील चाकापासून घरातील ट्रेडमिलपर्यंत : हृदयक्षमतेच्या व्यायामसाधनांचा इतिहास व निवडीचा प्रश्न

प्रस्तावना :

हृदय व फुप्फुसे यांची क्षमता वाढविण्यासाठी घरात कोणते साधन ठेवावे, हा प्रश्न सामान्यतः किंमत, जागा आणि मोटारीची अश्वशक्ती यांच्या आधारे सोडविला जातो. तथापि या साधनांपैकी बहुतेकांचा जन्म घरासाठी झालेला नाही. तुरुंग, उपचारकेंद्र आणि प्रयोगशाळा या ठिकाणी त्यांची घडण झाली. या तिन्ही ठिकाणी चालणाऱ्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर होती. गती किती व थांबायचे केव्हा, हे तो ठरवीत नव्हता. घरात यंत्र येते, नजर मात्र येत नाही. निवडीच्या प्रश्नाचे मूळ या ठिकाणी शोधावे लागते.

शिक्षेचे चाक :

इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्यूबिट याने १८१८च्या सुमारास तुरुंगांसाठी पायऱ्यांचे एक मोठे फिरते चाक सुचविले. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते बसविण्यात आले. कैदी ओळीने उभे राहून पायरी चढत. पायरी पायाखाली खाली जाई आणि पुढची समोर येई. चढण कधी संपतच नसे. चाकाने कोठे धान्य दळले जाई, कोठे पाणी उपसले जाई, तर कोठे काहीच साधले जात नसे. १८२२ साली हे चाक न्यूयॉर्कलाही पोहोचले. तेथील जेम्स हार्डी याने १८२४ साली नोंदविलेले निरीक्षण आजही महत्त्वाचे वाटते. या शिक्षेची दहशत श्रमाच्या तीव्रतेत नसून तिच्या न बदलणाऱ्या एकसुरीपणात आहे, असा त्याचा अभिप्राय होता. घरातील ट्रेडमिलवर काही महिन्यांतच कपडे वाळत पडतात, त्याचे कारण बहुधा याच अभिप्रायात सापडेल. इंग्लंडमध्ये १८९८च्या तुरुंग कायद्यानंतर ही शिक्षा मागे पडली.

आरोग्यासाठी यंत्र ही कल्पना याहून जुनी आहे. फ्रान्सिस लाउंड्स याने १७९६ साली हातापायांनी चालवावयाच्या व्यायामयंत्राचे एकस्व घेतले होते. परंतु तिला संस्थेचे रूप दिले ते स्वीडनचे वैद्य गुस्ताव झांडर यांनी. १८६५ साली स्टॉकहोम येथे त्यांनी तरफा व वजने असलेल्या यंत्रांची उपचारसंस्था उघडली. कोणते यंत्र आणि किती भार, हे वैद्य सांगे. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामशाळेत जागेवरची सायकल, वल्हवण्याचे यंत्र आणि विजेवर चालणारा घोडा होता. शिवाय एक प्रशिक्षकही नेमलेला होता.

मोजमापाचे युग :

व्यायामाचा हृदयाशी असलेला संबंध संख्याशास्त्राने पुढे आणला तो विसाव्या शतकात. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांचा अभ्यास केला. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांमध्ये बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयधमन्यांचा विकार कमी आढळला. मॉरिस तेथे थांबले नाहीत, हे विशेष. १९५६ साली त्यांनी गणवेशांच्या मापांची तपासणी केली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच अधिक असल्याचे दिसले. म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पुढील संशोधनाने व्यायामाची बाजू बळकट केली. परंतु स्वतःच्याच निष्कर्षाला छेद देणारा पुरावा शोधण्याची ही वृत्ती यंत्रविक्रीच्या जाहिरातींत क्वचितच आढळते.

याच काळात प्रयोगशाळेला निश्चित भार देणारे यंत्र हवे होते. १९५४च्या सुमारास स्वीडनमध्ये पट्ट्याच्या घर्षणावर चालणारी मापन-सायकल रूढ होऊ लागली. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे वेन क्विंटन यांनी १९५२ साली वैद्यकीय उपयोगाचा ट्रेडमिल तयार केला. रॉबर्ट ब्रूस यांनी त्यावर हृदयालेखासह चाचणी विकसित केली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत ताशी २.७ किलोमीटर वेग व १० टक्के चढ यांपासून आरंभ करून दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढविले जातात. रुग्णाने गती कमी केली तरी पट्टा कमी करीत नाही; डॉक्टरांना नेमके हेच हवे होते.

घरात प्रवेश :

अमेरिकी वायुदलातील वैद्य केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून न्यू जर्सीचे यांत्रिक अभियंता विल्यम स्टॉब यांना घरात वापरता येईल असा स्वस्त ट्रेडमिल दिसत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच तो बनविला. 'पेसमास्टर ६००' या त्यांच्या यंत्रावर वेळ आणि वेग ठरविण्याच्या तबकड्या होत्या. अशा प्रकारे डॉक्टरांच्या हातातील कळ चालणाऱ्याच्या हाती आली.

यानंतर एक निराळी परंपरा सुरू झाली आणि निवडीच्या दृष्टीने तीच अधिक विचारार्ह आहे. १९८१ साली व्हर्माँटमधील ड्रायसिगॅकर बंधूंनी सायकलच्या चाकाचा उपयोग करून वल्हवण्याचे यंत्र बाजारात आणले. त्यात पंख्याच्या हवेचा रोध असतो. जितका जोर लावावा, तितका रोध वाढतो. हात थांबला की यंत्र थांबते. ट्रेडमिल गती लादतो, पंखा ती मागतो. ज्याला स्वतःहून वेग राखणे जमत नाही, त्यास पट्टा सोयीचा. ज्याची क्षमता रोज कमीजास्त होते, त्यास सायकल किंवा वल्ह्याचे यंत्र. गुडघ्यांची तक्रार असल्यास शरीराचा भार पेलणारी सायकल बरी, तर कंबरदुखी असलेल्याने वल्हवण्याची रीत आधी शिकून घेणे इष्ट. हृदयविकाराचा इतिहास असल्यास यंत्रापूर्वी वैद्याकडे जाणे आवश्यक ठरते.

यंत्राच्या पडद्यावरील आकड्यांविषयी सावधगिरी हवी. २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती काढण्याचे सूत्र १९७०च्या आसपास उपलब्ध माहितीवरून ढोबळपणे मांडले गेले. ते व्यक्तीसाठी प्रमाण नव्हे. २००१ साली तनाका व सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याचे सूत्र दिले, तेही सरासरीच सांगते. श्रम करताना वाक्य बोलता येते की नाही, ही जुनी कसोटी अद्याप निकामी झालेली नाही.

साधनाविना व्यायामाचा पर्यायही येथे नोंदविला पाहिजे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला. त्यांचे या विषयावरील 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघाले. येथे यंत्र नाही. पहारा आहे तो रोजच्या नमस्कारांच्या संख्येचा. तालमीत हेच काम वस्ताद करी.

२०१२ साली स्थापन झालेल्या पेलोटन कंपनीने सायकलला पडदा जोडून प्रशिक्षक घरात आणला. २०२० च्या टाळेबंदीत तिची मागणी झपाट्याने वाढली. मात्र पडद्यावरील प्रशिक्षकाला खोलीतील मूल दिसत नाही. मे २०२१ मध्ये एका बालकाच्या मृत्यूनंतर व इतर अपघातांनंतर या कंपनीने अमेरिकेतील सुमारे १,२५,००० 'ट्रेड प्लस' ट्रेडमिल परत मागविले. मुले यंत्रापासून दूर ठेवावीत, वापर नसताना वीज तोडावी आणि सुरक्षा-चावी काढून अन्यत्र ठेवावी, असा इशारा तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने त्यापूर्वीच एप्रिलमध्ये दिला होता.