आमची एसटी १९४८ची नाही

दरवर्षी १ जूनला एसटीचा वर्धापन दिन साजरा होतो. १९४८ साली याच दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावंही आता अनेकांना पाठ आहेत. माहिती खरी आहे, फक्त ती आमच्या जिल्ह्याची नाही. त्या दिवशी उस्मानाबाद भारतात नव्हतं, हैदराबाद संस्थानात होतं. आणि त्या संस्थानात सरकारी बस सोळा वर्षांपासून धावत होती.

जून १९३२मध्ये निझाम स्टेट रेल्वेनं रस्ते वाहतुकीचं वेगळं खातं उघडलं. गाड्या २७, कर्मचारी १६६. हा काही राजाचा शौक नव्हता, त्यामागे सरळ हिशोब होता. संस्थानातली रेल्वे आधी ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होती. १९३०मध्ये ती निझाम सरकारनं विकत घेतली. त्याच काळात खासगी मोटारवाले रेल्वेचे प्रवासी पळवू लागले होते. हे दुखणं हिंदुस्थानभर होतं. ब्रिटिश सरकारनं त्यावर मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना नेमलं, त्यांचा अहवाल १९३३मध्ये आला. हैदराबादनं त्याआधीच रेल्वेच्याच हाती मोटार देऊन टाकली होती. पुढे टाटांच्या सोबतीनं याच रेल्वेनं ‘डेक्कन एअरवेज’ काढली. म्हणजे रूळ, रस्ता आणि आकाश, तिन्हीकडे एकच खातं! आजच्या काळात ‘एकात्मिक वाहतूक’ म्हणून यावर परिषदा भरतात.

उस्मानाबादसारख्या जिल्ह्याला मोटारीची गरज का होती, हे नकाशा पाहिला की कळतं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून निघून येडशी, तडवळे, ढोकीवरून १९११मध्ये लातूरला पोहोचली. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण मात्र बाजूलाच राहिलं. शहरात रेल्वे आली ती २००७मध्ये. तोवर कचेरी, कोर्ट, दवाखाना, बाजार, कशालाही जायचं तर रस्ताच. आमच्याकडची जुनी माणसं एसटीला ‘सर्विस’ म्हणायची. “सर्विस गेली का?” असं आमची दादी विचारायची. तिच्या लेखी सरकार बदललं होतं, मोटारीचं नाव नाही.

निझामी राजवटीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. रेल्वेचं उत्पन्न वाचवायला जन्मलेलं खातं आधी पैसे देणारे मोठे रस्ते बघणार, हे उघड आहे. आडवळणाच्या खेड्यात गाडी पोहोचवण्याचं श्रेय पुढच्या काळाला, ‘रस्ता तिथे एसटी’ म्हणणाऱ्या महामंडळाला जातं. पण निझाम म्हटलं की रझाकार, आणि बाकी सगळं कोरं, हा इतिहासही अर्धाच आहे.

सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्यानं आत आल्या. त्यानंतर जे घडलं त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीनं केली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. संस्थानी नोकरीतल्या कितीतरी मुसलमानांचं काम गेलं, अनेकांनी गाव सोडलं. खातं मात्र मोडलं नाही. १ नोव्हेंबर १९५१ रोजी ते रेल्वेकडून हैदराबाद राज्य सरकारकडे आलं. १९५६च्या भाषावार प्रांतरचनेत राज्याचे तीन तुकडे झाले, तसे खात्याचेही झाले. तेलंगणाचा हिस्सा आंध्रात, बिदर-गुलबर्ग्याचा म्हैसूरकडे आणि मराठवाड्याचा मुंबई राज्यात गेला. १९६१मध्ये मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा आजच्या महामंडळात विलीन झाली.

आता गंमत बघा. त्याच खात्याचा मोठा हिस्सा ज्यांच्याकडे गेला, ते आंध्र आणि तेलंगणाची महामंडळं आपला इतिहास १९३२पासून सांगतात. आम्ही त्याच खात्याचे वारस असून आमची मोजणी पुणे-नगरपासून. मुंबई राज्याचा इतिहास मोठा घर म्हणून राहिला, मराठवाडा त्यात सामावला. कुणी मुद्दाम पुसलं, असं मी म्हणणार नाही. विचारलंच नाही कुणी.

आज जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा असे सहा आगार आहेत. नवरात्रात तुळजापूरसाठी जादा गाड्या सुटतात, शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा उरूस भरतो तेव्हा खेड्यापाड्यातून लोक याच गाड्यांनी येतात. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा या गाड्यांची किंमत कळली. काळीपिवळी फाट्यापर्यंत यायची, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि पासही चालत नाही. शाळा-कॉलेजच्या पोरींचं सगळं गणित पासवर असतं. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तेव्हापासून माहेरी, दवाखान्यात एकट्या जाताना जास्त दिसतात. हे माझं डोळ्यांनी पाहिलेलं, आकडेवारी नव्हे.

कुठली फेरी परवडते, हा प्रश्न १९३२लाही होता. रात्री खेड्यात थांबून पहाटे परत निघणारी मुक्कामी गाडी कुठल्याच हिशोबात परवडत नाही. तोट्याची फेरी म्हणून कात्री लागते ती आधी तिलाच, आणि त्याच गाडीनं दूध, आजारी माणूस आणि परीक्षेचं पोर तालुक्याला पोहोचतं.