पोटात टोचायचं इंजेक्शन

आटपाडीकडच्या माणसाला मोठं ऑपरेशन म्हटलं की मिरज आठवते. १८९४मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासूनची ही सवय. माझ्या चाचांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आम्हीही मिरजच गाठली. दवाखाना मात्र दुसरा. तिथं एक शिकाऊ डॉक्टर त्यांच्या पोटात इंजेक्शन टोचायला आला.

"कशाचं हो हे?"

"रक्त पातळ करायचं."

"डुकराचं असतं म्हणतात, खरं का?"

पोरगा गप्प. चाचांनी हात आडवा केला.

त्या पोराला मी दोष देत नाही. डोस किती, कधी द्यायचा, एवढंच त्याला शिकवलं असावं. पण या औषधामागं मोठी कहाणी आहे. माणूस पडून राहिला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटली की हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाऊन अडकते. हृदयातून फुप्फुसात जाणारी ही रक्ताची वाट इब्न अन-नफीस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवली होती. गुठळीचा तो प्रवास रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवला.

हेपारिन १९१६मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला सापडलं. म्हणजे तोही शिकाऊच! शोधत होता रक्त गोठवणारा पदार्थ, मिळाला उलटाच, तोही कुत्र्याच्या यकृतातून. पुढं ते गायीच्या फुप्फुसातून आणि डुकराच्या आतड्यातून काढू लागले. (१८५७ची काडतुसं आठवली ना?) ते रक्त पातळ करत नाही; गोठणं रोखणाऱ्या शरीरातल्याच प्रथिनाला जोर देतं.

त्याचा उपयोग पक्का केला भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांनी. १९७५मध्ये त्यांनी ४,१२१ रुग्णांचा निकाल छापला. औषध न दिलेल्यांत फुप्फुसातल्या गुठळीनं १६ जण गेले, दिलेल्यांत २.

जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर मनाई उठते, हे चाचांनाही ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न एवढाच, की दुसरा इलाज आहे का? शेवटी मोठे डॉक्टर येऊन खाटेवर टेकले. फोंडापॅरिनक्स नावाचं कारखान्यात बनणारं, प्राण्यापासून न काढलेलं औषध आहे, म्हणाले. किंमतही सांगितली.

चाचांनी तेच घेतलं. संध्याकाळी वॉकर धरून व्हरांड्यात चार पावलंही टाकली.