एका पापुद्र्याचें दर्शन

शिसपेन्सिलीनें कागदावर रेघ न ओढलेला श्रोता विरळाच. या पेन्सिलींत शिसें मुळींच नसतें; असतें तें ग्राफाइट, म्हणजे कार्बनच्या एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांची चळत. त्यांतील एकट्या पापुद्र्यास ग्राफीन म्हणतात. त्याची जाडी एका अणूइतकी, सुमारें ०.३४ नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां त्यांतील एक भाग तो नॅनोमीटर. इतकी बारीक वस्तु साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसावी कशी?

याचें उत्तर पातळ थरांवरील रंगांच्या जुन्या इतिहासांत दडलेलें होतें. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवरचे रंग वर्णिले. न्यूटननें भिंग व कांच यांमधील हवेच्या थरांत दिसणाऱ्या रंगीत कड्यांचीं मापें १७०४ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलीं. परंतु कारण पटेल असें सांगितलें तें टॉमस यंगनें, १८०१ च्या सुमारास. थराच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाशलहरी परततात. त्या परस्परांस कोठें बळ देतात, कोठें मारतात. कोणता रंग उरेल, तें थराची जाडी ठरविते.

पुढें मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनीं साध्या चिकटपट्टीनें ग्राफाइट सोलून सोलून त्याचे पापुद्रे सिलिकॉनच्या चकतीवर उतरविले, आणि २००४ सालीं ग्राफीनचा शोध प्रसिद्ध केला. चकतीवर सिलिकॉन ऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर जाडीचा थर होता. त्याच्या जांभळट छटेंत पडलेला किंचित् फरक, हीच काय ती पापुद्र्याची खूण! ग्राफीन स्वतः जवळजवळ कांहींच परावर्तित करीत नाहीं. परंतु खालच्या थरांतून परतणाऱ्या लहरींचा मेळ इतका नाजूक, कीं एका अणूच्या जाडीनेंहि तो ढळतो. तोच थर ३१५ नॅनोमीटरचा असता, तर एकेरी पापुद्रा दिसलाच नसता, असें या दोघांनीं २००७ सालीं स्वतःच लिहिलें. अवघ्या पंधरा नॅनोमीटरांवर एवढा शोध टांगलेला होता! २०१० सालच्या त्यांच्या नोबेल पारितोषिकांत दैवाचाहि थोडा वाटा मानावयास हरकत नाहीं.

२००८ सालीं मँचेस्टरच्याच मंडळींनीं खालचा आधार काढून टाकला आणि धातूच्या पत्र्यांतील बारीक भोकांवर ताणलेल्या पापुद्र्यांतून प्रकाश पाठविला. एकानें शेंकडा २.३ प्रकाश शोषिला, दोहोंनीं ४.६, परावर्तन शेंकडा ०.१ हूनहि कमी. दृश्य प्रकाशाचा रंग बदलला तरी प्रमाण बदलेना. प्रकाश व इलेक्ट्रॉन यांच्या व्यवहारांत सर्वत्र आढळणारा सुमारें १/१३७ हा अंक वर्तुळाच्या ‘पाय’नें गुणिला असतां नेमके हेच शेंकडा २.३ येतात.