वरच्या दुधाची गोष्ट



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही बंद झाली की बोलणं घराकडे वळतं. तेव्हा एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. बाळाला वरचं दूध चालू केलंय, पण पाजलं की ओकतं, पोट गच्च होतं, रडून घर डोक्यावर घेतं. प्रश्नामागोमाग उत्तरंही येतात. नजर लागली. आईचं पथ्य चुकलं. हिला पाजताच येत नाही. फिरून फिरून दोष बाईच्याच पदरात पडतो.

म्हणून आज आम्ही वरच्या दुधाचा इतिहास सांगणार आहोत. आशाताई आणि डॉक्टर आज ज्या चार साध्या गोष्टी सांगतात, त्या जगाला फार मोठी किंमत मोजून कळल्या आहेत. ती किंमत समजली की सांगितलेलं ध्यानात राहतं.

एक गोष्ट आधीच बोलू. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे सगळ्यात उत्तम. पण काही लेकरं आईवेगळी असतात, काही दत्तक घेतलेली असतात, काहींची आई फार आजारी असते. अशा घरात वरचं दूध पाजणाऱ्या बाईला बोल लावू नका. तिला माहिती द्या. दूध कमी येतंय असं वाटत असेल तर बाटली आणण्याआधी आशाताईला भेटा. कितीदा बाळाला धरण्याची पद्धत बदलली, वरचेवर पाजलं की दूध वाढतं.

मातीच्या भांड्यापासून बोंडल्यापर्यंत

वरचं दूध आजकालचं नाही. जर्मनीतल्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या थडग्यांत चोचीची छोटी मातीची भांडी सापडली. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा आत जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. त्यातली काही भांडी तीन हजार वर्षांच्या आसपासची आहेत. आपल्याकडे वाग्भटाच्या अष्टांगहृदय ग्रंथात सांगितलंय, की आईचं किंवा दाईचं दूध नसेल तर शेळीचं किंवा गाईचं द्यावं. म्हणजे ही अडचण तेव्हाही होती.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात बोंडलं असायचं. चोचीची छोटी वाटी, कुठे पितळेची, कुठे चांदीची. तमिळनाडूत तशाच भांड्याला पालडाई म्हणतात आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी दवाखान्यातही ते वापरतात. ही भांडी उघडी असतात. आत बोट घालून घासता येतात, चुलीवर उकळता येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे बिघडलं ते इथेच.

लांब नळीची बाटली

१८४५ मध्ये अमेरिकेत रबरी निपलचं पेटंट निघालं. पुढे इंग्लंड-फ्रान्समध्ये काचेची एक बाटली फार खपली. तिला लांब रबरी नळी असायची आणि नळीच्या टोकाला निपल. बाळाला झोपवायचं, निपल तोंडात द्यायचं आणि आईने कामाला लागायचं. कामाच्या रगाड्यात अडकलेल्या बाईला ही मोठी सोय वाटली. पण नळी आतून घासता येत नव्हती. दुधाची साय आत चिकटायची, सडायची आणि तेच पुढच्या दुधातून पोटात जायचं. जुलाबाने इतकी बाळं गेली की लोक तिला खुनी बाटली म्हणू लागले. फ्रान्सने अखेर १९१० मध्ये कायदा करून नळीच्या बाटल्यांची विक्री बंद केली.

त्याच्या थोडं आधी, १८९४ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये होडीच्या आकाराची बाटली निघाली होती. ती दोन्ही टोकांना उघडी होती, म्हणून आरपार पाणी सोडून धुता यायची. एवढाच बदल, पण किती मोलाचा!

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, जे आतून घासता येत नाही त्यात बाळाचं दूध घालू नये. शक्य असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. बाटलीच असेल तर प्रत्येक वेळी सुटी करून, ब्रशने घासून, उकळून घ्या. दुसरी, बाळाजवळ उशीला बाटली टेकवून कामाला जाऊ नका. एकटं पडून पिणारं बाळ हवा गिळतं, ठसकतं आणि मग ओकतं.

गिरणी, अफू आणि ग्राइप वॉटर

आता आपल्या कापसाची गोष्ट. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला. आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडे लँकशायरमध्ये मात्र गिरण्या बंद पडल्या आणि मजुरांच्या घरात उपासमार सुरू झाली. तरीही तिथे तान्ह्या बाळांचे मृत्यू कमी झाले, असं त्या काळच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. कारण काय? गिरणीत जाणारी आई घरी होती. ती बाळाला अंगावर पाजत होती, जवळ घेत होती. भाकरी कमी होती, पण आई होती.

पुढे तीच गिरणी मुंबईत आली. कोकणातून, देशावरून गेलेल्या बायका दिवसभर गिरणीत राबायच्या. मागे राहिलेलं बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवायच्या. १९२० च्या दशकातल्या पाहणीत ही गोष्ट सरकारदरबारी नोंदली गेली. त्या बायका निर्दय नव्हत्या. त्यांना रजा नव्हती. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या बहिणींचा प्रश्न आजही त्याच जातीचा आहे. बाळाची पोटदुखी बोलताना आईची मजुरीही बोलावी लागते.

ग्राइप वॉटरची कथाही ऐका. १८५१ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने ते बनवलं. त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर होती आणि अल्कोहोलही होतं. बाळ गप्प व्हायचं यात नवल ते काय! पुढे अल्कोहोल काढलं गेलं, पण बाळाला ग्राइप वॉटरची गरज असते असं डॉक्टर म्हणत नाहीत. बाळगुटी, मध, साखरपाणी यांचंही तेच. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातून क्वचित होणारा एक विषारी आजार बाळाला लुळं करून टाकतो.

डबा आला, माप आलं

१८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचं बाळांसाठीचं पीठ विकायला काढलं. आपल्याकडे मैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाची पावडर करण्याची रीत बसवली आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या अमूलने ती बाजारात आणली. म्हशीचं दूध जड, स्निग्धांश जास्त. बाळाला चालावं म्हणून ते कमी करावं लागलं. शेजारच्या गोठ्यातलं दूध आणि बाळाचं दूध यात फरक असतो तो हाच. वर्षाच्या आतल्या बाळाला काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

डब्यासोबत मापाचा चमचा आला, आणि इथेही दोन्हीकडून चूक झाली. गरीब देशांत डबा महाग, म्हणून तो पुरवून पुरवून वापरला गेला. पातळ दूध पिऊन बाळं सुकली. उलट १९७० च्या दशकात ब्रिटनच्या डॉक्टरांना दिसलं, की आया प्रेमापोटी शिगोशीग चमचे घालतायत. दाट दुधाने अंगातलं मीठ वाढून बाळं आजारी पडत होती. म्हणून डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, आणि चमचा सपाट. पहिले काही दिवस सोडले तर बाळाला दर किलो वजनामागे दिवसभरात साधारण १५० मिली दूध लागतं. म्हणजे चार किलोच्या बाळाला चोवीस तासांत सुमारे ६०० मिली. ते सात-आठ वेळांत वाटलं तर एका वेळी ७५ ते ८५ मिली होतं. जास्त ढोसलं की ते बाहेर येणारच.

पाण्याचाही धडा आहे. पावडर पूर्ण निर्जंतुक नसते. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की पाणी उकळावं आणि ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालावी. साधा नियम असा: उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत दूध कालवायचं, मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. मनगटावर थेंब टाकून पाहायचं आणि मगच पाजायचं. दोन तासांवर राहिलेलं दूध आणि बाळाचं उष्टं दूध ओतून द्यायचं. जीव हळहळतो, पण दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

घड्याळ, ढेकर आणि झोप

शंभर वर्षांपूर्वी न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांची शिस्त फार गाजली. दर चार तासांनी दूध, रात्री नाही. घड्याळाची वाट पाहून भुकेजलेलं बाळ मग घटाघटा पितं, हवा गिळतं. आता डॉक्टर बाळाची भूक ओळखायला सांगतात. बाळ मूठ चोखतं, तोंड वळवून शोधतं, तेव्हाच थोडं थोडं पाजा. डोकं उंच धरा. बाटली थोडी आडवी ठेवा, म्हणजे दूध धो-धो येत नाही, पण निपल दुधाने भरलेलं असू द्या. मधे थांबून खांद्यावर घ्या, पाठीवरून हात फिरवून ढेकर काढा. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरा. लगेच मालीश, अंघोळ, झोका नको.

एवढं करूनही गुळणी येईल. बाळाच्या अन्ननळीच्या तळाचं झाकण अजून कच्चं असतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे जास्त होतं आणि बहुतेकांचं वर्षाच्या आत थांबतं. वजन वाढतंय, बाळ खेळतंय, तर त्याची चिंता नको.

पण ओकारीच्या भीतीने जगभर एक मोठी चूक झाली. १९५० च्या दशकात नावाजलेले डॉक्टरही सांगू लागले, की ओकारी घशात अडकू नये म्हणून बाळाला पालथं झोपवा. लाखो घरांनी ऐकलं. झोपेतच दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढत गेली. पुढे कारण उमगलं, आणि १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम निघाली. थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. उताणं असताना श्वासनळी वरच्या बाजूला राहते, म्हणून वर आलेलं दूध सहसा तिच्यात जात नाही. ओकणारं बाळही उताणंच झोपवा. उशी नको.

काही ओकाऱ्या मात्र वेगळ्या असतात. १८८८ मध्ये कोपनहेगनच्या डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी एका आजाराची नीट नोंद केली. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखं ओकतं आणि लगेच पुन्हा भुकेलं होतं. जठराचं तोंड आवळलेलं असतं. तेव्हा अशी बहुतेक बाळं जगत नसत. १९१२ मध्ये जर्मन डॉक्टर रामस्टेट यांनी छोटी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि आज ही बाळं पूर्ण बरी होतात. अट एकच, वेळेवर न्यायचं. पिचकारीसारखी ओकारी, हिरवी किंवा रक्ताची ओकारी, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ मलूल, पोट फुगलेलं, वजन वाढत नाही, तीन महिन्यांच्या आत ताप, यातलं एकही दिसलं तर दृष्ट काढत बसू नका. तडक दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा.

बायांनी मिळवलेला कायदा

१९३९ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापुरात भाषण केलं. नाव होतं 'दूध आणि खून'. गरज नसलेल्या आयांना डबे खपवल्याने मुलं मरतात, असं त्यांनी कंपन्यांच्या माणसांसमोरही सांगायला कमी केलं नाही. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत बाळदुधाच्या विक्रीचे नियम ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं होतं. भारताने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. त्यानुसार बाळाच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. कुणी बाळंतिणीला डबा भेट देत असेल तर ते या कायद्याविरुद्ध आहे, हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला ठाऊक असावं.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासात बाळं कशाने आजारी पडली? न धुतलेल्या नळीने, कच्च्या पाण्याने, चुकलेल्या मापाने, घाईने आणि वरून आलेल्या चुकीच्या सल्ल्याने. आईच्या नजरेने किंवा पायगुणाने नाही. पुढच्या बैठकीत आपल्या गावात वरच्या दुधावर किती बाळं आहेत ते मोजा. त्यांच्या घरी उकळायला वेगळं पातेलं, घासायला ब्रश, वाटी-चमचा आहे का ते पाहा. नसेल तर गटाच्या फंडातून घेता येईल. आणि ती आई मजुरीवर जात असेल, तर त्या वेळेत बाळाला मांडीवर घेऊन, उभं धरून, सावकाश कोण पाजेल, त्याची पाळी लावा.